सा कुठूनही

साथीला बसण्याआधी गवयाला पट्टी विचारायची असते, हे मला पुण्यात कॉलेजला गेल्यावर कळलं. शिक्रापूरच्या देवळात तसा रिवाजच नव्हता. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा चालायचा. मृदंग एका सुरात लावलेला असे, पण चाल म्हणणारा प्रत्येक जण आपल्या गळ्याला सोसेल तिथून उचलायचा. एकाचा सा काळी एकला, तर पुढच्याचा थेट पांढरी चारला. मंडळी जमली, टाळ तापले की तीच माणसं आणखी वर सरकायची. पेटीवर बसलेल्या पोरानं पहिल्या दोन ओळींत सा शोधायचा आणि तिसऱ्या ओळीला सोबत असायचं. वीणेकरी बाबांना मी एकदा विचारलं, "बाबा, कुठून म्हणणार?" ते म्हणाले, "कुठूनबी म्हणंल. तू ये मागनं."

या दोन वाक्यांवर माझं शाळेतलं सगळं वाद्यशिक्षण उभं आहे, असं मी मानतो. आमची पेटी साधी होती. पट्ट्या सरकवून सा बदलणारा स्केल चेंजर मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यातच. त्यामुळे बाराही सुरांना सा मानून वाजवायला बोटं आपोआप शिकली. नवीन मुलं आज सरसकट स्केल चेंजर घेतात आणि सगळं आयुष्य एकाच पट्टीच्या बोटांनी काढतात. हे नुकसान आहे, असं मला मनापासून वाटतं.

काकड्याचा क्रम ठरलेला असतो. मंगलाचरण, काकड्याचे अभंग, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळा, पांगळा, मुका, बहिरा, जोगी अशी रूपकं, पुढे गौळणी आणि आरती. बाहेर नगर रस्ता आणि चाकण रस्ता मिळतात त्या चौकात रांजणगाव, सणसवाडीच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या ट्रकचे गिअर पडत असायचे, आणि आत उजाडण्याच्या गतीनं चाली बदलत जायच्या. अंधारातल्या चालींना कोमल रिषभ आणि कोमल धैवत, उजाडल्यावरच्या गौळणींना खमाज, पिलूची मोकळीक. ही नावं तेव्हा मला ठाऊक नव्हती. कॉलेजात भैरव शिकताना रिषभाला हेलकावा द्यायला सांगितलं गेलं, तेव्हा तो मी आधीच देत होतो.

भूपाळ्यांची गोष्ट याहून गमतीची. गावात एक भूपाळी पाच सुरांत म्हणत: सा, रे, ग, प, ध. पहिल्या वर्षी भूप शिकलो आणि वाटलं, हीच ती. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, आमची भूपाळी पहाटेची. मग देशकार शिकलो. सूर तेच पाच, पण भूपाचा जीव गंधारात आणि देशकाराचा धैवतात. एका दुपारी मी पेटी घेऊन बसलो आणि बाबांची ओळ आठवून वाजवली. ओळ दरवेळी धैवतावर जाऊन थांबत होती. शास्त्राचं पुस्तक कधी न उघडलेला माणूस वर्षानुवर्षं पहाटेचा धैवत बिनचूक धरून बसला होता! कॉलेजच्या काळातला सर्वांत मोठा आनंद कोणता, असं कुणी विचारलं तर मी ही दुपार सांगतो.

त्याआधी, गावच्या शाळेच्या दिवसांत, प्रशालेत एक पेटी होती, परिपाठाला वाजायची आणि मग कपाटात जायची. गुरुजींनी त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली, हा माझ्यावरचा मोठा उपकार. सहामाही परीक्षा झाली की पेटी उघडून साफ करायचो. झाकण काढलं की आत पितळी सुरांची रांग दिसते. प्रत्येक सूर म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाला रिव्हेटनं बसवलेली जीभ. खर्जाच्या जिभा लांब, तार सप्तकातल्या नखाएवढ्या. धुळीचा कण अडकला तरी सूर मुका होतो. तेव्हा जिभेखालून पातळ कागद हलकेच सरकवायचा. दुरुस्तीला येणाऱ्या कारागिरानं मला सूर लावायचा कसा तेही दाखवलं. टोकाशी किंचित घासलं की सूर चढतो, रिव्हेटजवळ घासलं की उतरतो. घासण्याचा हात इतका हलका की पितळेवर ओरखडाही नीट दिसू नये. गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांचं नाव मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

चैत्रात जत्रांचा हंगाम. तमाशा म्हटलं की लोक नारायणगावचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे, पण आमच्या शिरूर तालुक्यातलं कवठे येमाईही त्या कलेचं गाव. गंगारामबुवा कवठेकर तिथले, आणि अनेक फडांना वग लिहून देणारे बी. के. मोमीन कवठेकरही तिथलेच. गण, गौळण, बतावणी, वग असा रात्रभराचा पसारा. पोरं स्टेजकडे बघायची, मी पेटीवाल्याकडे. तो पट्ट्यांकडे बघतच नसे. नजर ढोलकीवाल्याच्या हातावर, बोटं आपली चालू. लावणीचा अंतरा संपून ढोलकी सुटली की तो एकच सूर धरून गप्प बसायचा आणि समेवर असा परत यायचा की अंगावर काटा यावा.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा याच काळात दिल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असा जिना चढत गेलो. त्या परीक्षांनी शिस्त दिली, तालाची लिखापढी दिली. साथ मात्र तिथं कुणी विचारली नाही.

मग पुणे. शिरूरहून येणारी एसटी चौकात मिळायची. कंडक्टर पेटी बघून म्हणायचे, "ड्रायव्हरमागं ठेव, पाय लागू देऊ नको कुणाचा." वाघोलीत गाडी अडकली की मी मांडीवर बोटं चालवत बसायचो. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव मी आधी रमणबागेत ऐकला आणि २०१८ पासून मुकुंदनगरात. भारतीय बैठकीत मी नेहमी पेटीच्या बाजूची जागा धरायचो. विलंबित ख्यालात गवई मींड घेतो. पेटीला मींड नाही, तिला एक पट्टी सोडून दुसरीवरच जावं लागतं. चांगला साथीदार अशा वेळी मींडेच्या पाठीमागे धावत नाही. ती पोचणार तो सूर आधी ओळखतो, भाता हलका करतो आणि गवई पोचल्यावर तिथं असतो. "तू ये मागनं" याचा अर्थ मला त्या मांडवात दुसऱ्यांदा कळला.

याच पेटीला आकाशवाणीनं १९४० मध्ये दार बंद केलं होतं आणि साथीपुरतं तरी ते उघडायला १९७१ साल उजाडलं, हे वाचून मी फार अस्वस्थ झालो होतो. तिचे सूर ठोकळेबाज, श्रुतींना जागा नाही, मींड नाही, हे आक्षेप खोटे नव्हते. पण त्या तीन दशकांत गावोगावच्या देवळांत, नाटकांत आणि तमाशाच्या कनातींत हीच पेटी सूर धरून होती. १९११ च्या 'संगीत मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळात पेटीवालेच. वाद्याची उणीव वाजवणाऱ्याच्या कानानं भरून निघते, हे रेडिओवाल्यांना कुणी काकड्याला नेऊन दाखवायला हवं होतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या संघाचं संगीत माझ्याकडे होतं. एका प्रसंगाला मी वासुदेवाची गावची चाल घेतली, शब्द काढून टाकले आणि नुसती पेटी आणि टाळांवर बांधली. संघात बहुतेक मुलं शहरातली. त्यांना ती चाल घोटून द्यायला सगळा जानेवारी गेला. भरत नाट्य मंदिरात प्रयोगाच्या वेळी आरडाओरडा एवढा होता की माझाच सूर मला ऐकू येईना, पण टाळ धरणाऱ्या मुलीनं लय एवढीशीही सोडली नाही.

सुट्टीत घरी आल्यावर बाबांना ती चाल वाजवून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"ही आमची न्हाई. हा दुसऱ्या गावचा अंतरा. आमचा खाली सुटतो."

"कुठं सुटतो, बाबा?"

त्यांनी म्हणून दाखवलं, काळी दोनवरून. मी मागनं गेलो. दोन्ही अंतरे वहीत शेजारीशेजारी लिहून घेतले आणि तो दुसरा अंतरा कुठल्या गावचा, ते विचारायला बसलो.