पाणमोटेचा पडदा

पाणमोटेच्या, म्हणजे गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीच्या, आतल्या पडद्याला वैद्यकात ॲम्निऑन म्हणतात. हा पडदा पारदर्शक, अतिशय पातळ, तरीही चिवट असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. पेशींचा एक थर, त्याखाली आधारपटल आणि त्याखाली कोलॅजनची वीण, अशी त्याची रचना असते. भाजलेल्या जखमेवर हा पडदा लावतात तेव्हा कामाला येते ती ही वीणच.

त्वचा भाजली की उघड्या पडलेल्या भागातून पाणी सतत उडून जाते आणि मोकळ्या मज्जातंतूंना वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. कोरडा गॉज चिकटतो आणि पट्टी बदलताना नुकती धरलेली कोवळी त्वचाही त्याबरोबर निघते. हा छळ रोजचा असतो आणि लहान मुलांच्या बाबतीत तो बघवत नाही. ॲम्निऑन एकदा नीट बसला की ओल टिकते, वेदना उतरतात आणि उरलेल्या त्वचापेशी त्याच्या आश्रयाने पसरू लागतात. काम झाले की पडदा वाळून सुटतो. खोल भाजल्यावर मात्र तो पुरत नाही. तिथे रुग्णाची स्वतःचीच त्वचा लावावी लागते.

त्वचारोपणात गर्भपटलांचा वापर डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी 1910 मध्ये नोंदवला. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी 1988 मध्ये सुरू झाली. अशा पेढीत मातेची संमती घेऊन एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिसच्या तपासण्या होतात. मग पडदा धुऊन, गोठवून सुकवतात आणि बंद पाकिटात गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यासाठी 25 किलोग्रे ही मात्रा रूढ आहे. पेशी मरतात, वीण उरते. हे पाकीट साध्या तापमानाला टिकते.

केजसारख्या तालुक्याच्या गावी साध्या तापमानाला टिकण्याचा हा गुण सर्वांत मोलाचा आहे. ऊसतोडीची कुटुंबे फडाजवळच्या कोपीत राहतात आणि चूल पाचटाच्या शेजारीच पेटते, त्यामुळे भाजण्याचा धोका असतो. गंभीर भाजलेल्या रुग्णाला केजहून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेता येते, पण उथळ भाजण्याचे उपचार तालुक्यातच होऊ शकतात. या पाकिटांसाठी शीतकपाट लागत नाही की अखंड वीजही लागत नाही. प्रसूतिगृहातला ताजा पडदा तपासणीविना थेट जखमेवर लावणे मात्र धोक्याचे आहे. तपासणी केली तरी नुकताच संसर्ग झालेल्या मातेची पहिली चाचणी निर्दोष येऊ शकते. पेढीतून आलेली निर्जंतुक पाकिटे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांच्या औषधसाठ्यात असायलाच हवीत.