खोटी साक्ष

यंत्रांविषयीं आमचें ज्ञान बेताचेंच. उभा जन्म आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविला. शब्दांचीं रूपें आणि संधींचे नियम यांपलीकडे आमची धांव फारशी गेली नाहीं. असें असतां डिझेल पिकअपच्या इंजिनाविषयीं आम्ही लिहावयास बसलों, याचें वाचकांस नवल वाटेल. पण या इंजिनापायीं आमच्या घरांत जें घडलें, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

रत्नागिरीजवळ आमची वडिलोपार्जित आंब्याची बाग आहे. ती धाकटे बंधु पाहतात. त्यांच्या चिरंजीवानें २०२२ सालीं कर्ज काढून माल वाहण्यासाठीं एक पिकअप घेतली. एप्रिल-मे महिन्यांत साठ-पासष्ट पेट्या भरून ती साखरप्यावरून आंबा घाट चढे आणि कोल्हापुरास जाई. सौद्यास वेळेवर पोंचली तर भाव मिळे. उशीर झाला, तर येईल त्या किंमतीस माल सोडावा लागे. घाटांत मात्र गाडी दुसऱ्या गिअरवर रखडे, आणि मागचे वाहनवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करीत. पुतण्या घरीं आला कीं त्याचें एकच तुणतुणें असे : "अण्णाकाका, गाडीला ओढच नाहीं."

पुढल्या वर्षीं त्यानें तळहातावर मावेल अशी एक काळी डबी आणण्याचा बेत सांगितला. ट्यूनिंग बॉक्स असें तिचें नांव. ती अर्ध्या तासांत बसते, इंजिनाची शक्ति चांगली वाढविते, आणि नको असेल तेव्हां मागमूस न ठेवतां काढून घेतां येते, असें विकणाऱ्यानें त्यास सांगितलें होतें. बंधूंनीं साफ नकार दिला. आम्हीं मात्र निवृत्तिवेतनांतून २५,००० रुपये काढून दिले. मुलाच्या उद्योगास हातभार लागावा, हा हेतु तर होताच. पण खरें सांगावयाचें तर, घरांत आपला शब्द अजून चालतो हें दाखविण्याची हौसहि त्यांत होती.

पहिल्या खेपेस आम्ही स्वतः त्याच्या शेजारीं बसून गेलों. जो चढ गाडी कण्हत कण्हत चढत असे, तो तिनें तिसऱ्या गिअरवर सहज पार केला. आम्हांस लहान मुलासारखा आनंद झाला. घाटमाथ्यावर चहा घेतांना आम्हीं विचारलें, "अरे, पण ही डबी करते तरी काय?"

पुतण्यानें टेबलावर बोटानें रेघा काढून तें समजावून दिलें. डॉ. रुडॉल्फ डिझेल यांचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालचें. त्यांत हवा दाबून इतकी तापवितात कीं, तींत उडविलेलें तेल ठिणगीवांचून पेटतें. शंभर वर्षांनीं, १९९७ सालीं, 'कॉमन रेल' ही पद्धत विक्रीच्या प्रवासी मोटारींत आली. तींत एका बळकट नळींत डिझेल प्रचंड दाबाखालीं ठेवलेलें असतें. हा दाब अनेक गाड्यांत १६०० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारें सोळाशें पट जातो. त्या नळीवर दाब मोजणारा एक सेन्सर असतो. तो विजेच्या लहानशा खुणेनें आपला निरोप इंजिनाच्या संगणकास कळवितो, आणि संगणक त्या निरोपावर विश्वास ठेवून पुढचा हुकूम सोडतो. डबी बसते ती नेमकी या दोघांच्या मध्यें. दाब पुरेसा असतांहि ती 'कमी आहे' असें कळविते. बिचारा संगणक दाब वाढवितो, ठरल्याहून अधिक डिझेल आंत जातें, आणि गाडीस जोर येतो.

"म्हणजे ही खोटें बोलते!" आम्ही म्हणालों.

पुतण्या हंसला. "अण्णाकाका, यंत्राशीं कसलें आलें खरें न् खोटें?"

न्यायशास्त्रांत आप्तवाक्य हें एक प्रमाण मानलें आहे. विश्वासू मनुष्याच्या शब्दावरून जें कळतें, तेंहि ज्ञानच. त्या संगणकाचा आप्त तो सेन्सर. त्याच्याच तोंडीं दुसऱ्यानें भलते शब्द घातले, तर संगणकानें करावें काय? हा विचार मनांत आला खरा. पण गाडी वेळेवर पोंचली, भाव चांगला मिळाला, आणि तो विचार आम्ही सोयीस्करपणें विसरलों.

हें वेड एकट्या आमच्या पुतण्याचें नव्हे. त्यानें तें अमेरिकेंतील पिकअपवाल्यांच्या चित्रफितींवरून उचललें होतें. तेथें अवजड ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपची शक्ति अशा उपायांनीं वाढविणारे पुष्कळ. त्यांतले कित्येक तर प्रदूषण रोखणारी यंत्रणाच काढून टाकतात आणि काळा धूर सोडण्यांत मौज मानतात. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेनें २०२० सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें, मागील सुमारें दहा वर्षांत साडेपांच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून अशी यंत्रणा काढण्यांत आली होती. सगळेच मात्र अविचारी नसतात. जाणते लोक धुराची उष्णता दाखविणारा मीटर समोर लावतात, आणि कांटा फार चढूं लागला कीं पाय सैल करतात. डिझेल अधिक जाळलें कीं उष्णता वाढते. हवा पुरी पडली नाहीं तर काजळी धरते. गाडीचा पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें. आमच्या गाडीस असा मीटर नव्हता. होती ती केवळ घाई.

दुसऱ्या हंगामांत क्लच जळल्याचा वास येऊं लागला. वाढलेला जोर पेलण्याजोगी ती प्लेट बनविलेलीच नव्हती. मग डीपीएफचा, म्हणजे धुरांतील काजळी अडविणाऱ्या चाळणीचा, दिवा वरचेवर लागूं लागला. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ चे नियम सर्वत्र लागू झाले; तेव्हांपासूनच्या डिझेल गाड्यांत ही चाळणी आली. इंजिन अधिक काजळी करूं लागलें कीं ती लवकर तुंबते. २०२४ च्या मे महिन्यांत एके रात्रीं भरल्या गाडीनें आंबा घाटांत जोर टाकला. पुतण्या रात्रभर रस्त्याच्या कडेस बसून राहिला, आणि माल दुसऱ्या दिवशीं दुपारीं कवडीमोलानें गेला. तपासणींत चाळणी तुंबलेली, क्लच जळलेला आणि टर्बो निकामी निघाला.

गाडी वॉरंटींत होती. सर्व्हिस सेंटरांत नेण्यापूर्वीं पुतण्यानें डबी काढली आणि आमच्या कपाटांत, अमरकोशाच्या मागें, ठेवली. मग म्हणाला, "अण्णाकाका, तुम्ही बरोबर चला. तेथें तपासणारा तुमचा विद्यार्थी आहे. तुमचा शब्द तो खालीं पडूं देणार नाहीं." आम्ही गेलों. कां गेलों, हें आम्हांस ठाऊक होतें.

तो विद्यार्थी आम्हांस पाहतांच उठला, वांकून नमस्कार केला, बसावयास खुर्ची दिली. कागद भरतां भरतां त्यानें सहज विचारलें, "गुरुजी, गाडीला बाहेरचें कांहीं बसविलें नव्हतें ना? तुम्ही सांगाल तेंच मी लिहितों."

धर्मराजाच्या रथाची कथा आम्हीं वर्गांत कितीदां सांगितली असेल! भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा तो रथ एका अर्धसत्यासरशीं खालीं टेकला. ती सांगतांना द्रोणाचार्यांनीं तो शब्द खरा कां मानला, इकडे आमचें फारसें लक्ष गेलें नव्हतें. बोलणारा धर्मराज होता, म्हणून मानला. खोटें चालतें तें ऐकणाऱ्याच्या विश्वासावर. त्या खुर्चींत बसल्यावर कळलें कीं, डबी कपाटांत राहिली असली तरी तिचें काम करावयास आम्हीच तेथें आलों होतों.

आम्हीं सांगितलें, "बसविलें होतें. पैसे आम्हींच दिले होते."

त्याची लेखणी थांबली. मग त्यानें मान खालीं घालून तें लिहिलें. वॉरंटी नाकारली गेली, आणि विहिरीच्या दुरुस्तीसाठीं राखून ठेवलेली रक्कम गाडींत गेली. परततांना पुतण्या वाटभर एक शब्द बोलला नाहीं. रात्रीं पानें वाढतांना भावजय मात्र शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, खरें बोललांत तें बरेंच झालें. पण खरें बोलावयाचें होतें, तर पैसे देतांनाच कां नाहीं बोललांत?"

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, अजूनहि नाहीं.

आतां पुतण्या पन्नासच पेट्या भरतो आणि दीड तास आधीं निघतो. गाडी दुसऱ्याच गिअरवर चढते, पण पोंचते. आमच्याशीं तो बोलतो, तरी पूर्वीचा मोकळेपणा आलेला नाहीं. परवां त्यानें विचारलें, "अण्णाकाका, ती डबी विकून टाकूं का? अर्धे पैसे तरी सुटतील."

आम्ही म्हणालों, "वीक, पण घेणाऱ्यास आपल्या गाडीचें काय झालें तें सगळें सांगून वीक."

तो कांहीं बोलला नाहीं. डबी अजून अमरकोशाच्या मागेंच आहे.