दाण्याच्या पेठेत आम्ही दोघे



एरवी माझे तुमच्याशी बोलणे होते ते भाताच्या रोपवाटिकेबद्दल, नाही तर करपा आणि खोडकिडीबद्दल. आज मात्र प्रवासाची हकिगत सांगणार आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही उभयतांनी अमेरिकेतले शिकागो शहर पाहिले. तुम्ही म्हणाल, साहेबांनी मजा केली. केली, नाही कशाला म्हणू? पण त्या शहराचा तुमच्या-माझ्या दाण्याशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून हा खटाटोप.

आमचे गाव कोन, भिवंडी तालुक्यातले, उल्हास नदीच्या खाडीकाठचे. दुर्गाडीच्या पुलावर उभे राहिले की एका हाताला कल्याण आणि दुसऱ्या हाताला आम्ही. माझ्या लहानपणी रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे होती. भात निघाले की त्याच ओलीवर वाल पेरायचे. आता खाचरांच्या जागी गोदामे उभी आहेत. देशोदेशीचा माल त्यांत येतो नि जातो. आमच्या भाताची गोणी तेवढी त्यांत दिसत नाही.

आमचे रस्त्यालगतचे तीस गुंठे अजून शिल्लक आहेत. एप्रिलमध्ये एक दलाल घरी आला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून माझ्या हातातला चहा निवून गेला. खरे सांगतो, मन डळमळले. नोकरीची थोडीच वर्षे राहिलेली, लावणीला माणूस मिळत नाही, लेक परदेशी. दुसऱ्यांच्या बांधावर जाऊन शेती करा म्हणून सांगणारा मी, घरी मात्र विकायच्या हिशेबाला लागलो होतो. सातबाऱ्यावर माझ्याबरोबर सौ.चेही नाव आहे. ती म्हणाली, "आधी लेकीकडे जाऊन येऊ, मग बघू." दलालाला सांगितले, परत आल्यावर उत्तर देतो.

निघताना एक तंटा झाला. सौ.ने लेकीच्या परसात लावायला म्हणून शेरभर वाल फडक्यात बांधून घेतले. मी ते काढायला लावले. बियाण्याबरोबर कीड आणि रोग परदेशी जाऊ नयेत म्हणून कडक नियम असतात. विचारल्यावर खरे सांगावे लागते, नाही तर दंड होतो. तुमच्यापैकी कोणी मुलाबाळांकडे जाणार असाल तर हे ध्यानात ठेवा. नियम बरोबर होता, पण सौ. ठाण्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

विमानात मला खाडीपलीकडच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. पोहोचायला जवळजवळ दोन महिने लागले. १८८६ साली डॉक्टर झाल्या. आणि आम्ही दिवसभराच्या विमानप्रवासाने पाय आखडले म्हणून कुरकुरत होतो!

नदीचे तोंड फिरवणारे शहर

लेक आणि जावई शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल गावी राहतात. दोघेही नोकरीला जात, म्हणून आम्ही दोघेच रोज दोन मजली डब्यांच्या आगगाडीने शहरात जायचो. असे चार दिवस आम्ही शहर पाहिले. तिथे मे महिना असूनही वारा इतका गार, की सौ.ने लुगड्यावर जावयाचा कोट चढवला होता. फुटपाथवरची माणसे बघत होती. तिने पर्वा केली नाही.

पहिल्या दिवशी नावेतून नदीची सफर केली. दोन्ही काठांना आभाळाला टेकलेल्या इमारती. त्यांत दोन गोल मनोरे दिसले आणि सौ. म्हणाली, "अहो, ही तर मक्याची कणसं!" तिथले लोकही त्यांना कणसेच म्हणतात. प्रत्येकी ६५ मजले आणि खालच्या १९ मजल्यांवर नुसत्या मोटारी उभ्या.

नावेतल्या वाटाड्याने गायीची गोष्ट सांगितली. १८७१ च्या ऑक्टोबरात या शहराला मोठी आग लागली. सुमारे तीनशे माणसे गेली, लाखभर लोक बेघर झाले. आळ आला एका गरीब बाईच्या गायीवर, की तिने लाथ मारून कंदील पाडला. शेवटी १९९७ साली शहराच्या नगरमंडळाने ठराव करून बाई आणि गाय दोघींना निर्दोष ठरवले. सव्वाशे वर्षांनी! सौ. म्हणाली, "गायीला बोलता येत नव्हतं, म्हणून एवढा उशीर."

या नदीचे आणखी एक नवल आहे. पूर्वी ती मिशिगन सरोवराला मिळत असे. सरोवर कसले, गोड्या पाण्याचा समुद्रच. पलीकडचा काठ दिसत नाही. शहराची घाण नदीतून त्याच सरोवरात जायची आणि प्यायचे पाणीही त्यातूनच यायचे. तेव्हा अठ्ठावीस मैलांचा कालवा खणून १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. शहराचे पाणी सुधारले. मी अभियंत्यांचे कौतुक करू लागलो, तर सौ.चा प्रश्न: "मग ती घाण गेली कुठे?" गेली खालच्या गावांकडे. त्यावरून शेजारच्या राज्याने कोर्टात दावाही लावला होता. आपल्या उल्हासच्या काठी राहणाऱ्याला हा प्रश्न सुचणारच.

दातांचा डॉक्टर झाला शेतकरी

दुसऱ्या दिवशी कलासंग्रहालय पाहिले. दाराशी काशाचे दोन सिंह आहेत. याच इमारतीत १८९३ च्या ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत अमेरिकेच्या लोकांना बहिणी-भावांनो म्हणून हाक मारली होती. बाहेरच्या हमरस्त्याच्या एका भागाला त्यांचे नाव दिले आहे. आम्ही तिथे क्षणभर हात जोडून उभे राहिलो.

आत एक चित्र जगप्रसिद्ध आहे. १९३० साली ग्रँट वुड नावाच्या चित्रकाराने काढलेले. हातात त्रिशूळासारखा गवत उपसायचा दाताळा घेतलेला म्हातारा शेतकरी, शेजारी एक बाई, मागे लाकडी घर. दोघांचेही चेहरे गंभीर. सौ. म्हणाली, "यांचाही पाऊस लांबलेला दिसतोय." लोक त्यांना नवरा-बायको समजतात, पण चित्रकाराच्या मनात ते बाप-लेक होते. आणि चित्रासाठी उभे कोण राहिले? चित्रकाराची बहीण आणि त्याचा दातांचा डॉक्टर! अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला शेतकरी हा असा दातांचा डॉक्टर निघाला. हसू आले, पण मनात कुठे तरी खुपलेही.

जवळच्या बागेत एक चकचकीत पोलादी शिल्प आहे. अनिश कपूर या मुंबईत जन्मलेल्या शिल्पकाराने केलेले, २००६ साली पुरे झाले. वजन ११० टन. १६८ पत्रे जोडले आहेत, पण सांधा दिसत नाही. लोक त्याला शेंगेतला दाणा म्हणतात. सौ.ने त्याला फेरी मारली, त्यात आमची प्रतिबिंबे वाकडीतिकडी दिसत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढा मोठा वाल यांना चालतो. माझा शेरभर नाही चालला!" त्या वाक्याने आमचा तंटा मिटला.

बिनचेहऱ्याची धान्यदेवता

तिसऱ्या दिवशी मी हट्टाने सौ.ला धान्याच्या सट्टाबाजाराची इमारत पाहायला नेले. 'शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड' ही संस्था १८४८ साली निघाली. आजची ४४ मजली इमारत १९३० सालची. तिच्या माथ्यावर सेरीस या रोमन धान्यदेवतेचा एकतीस फुटांचा पुतळा आहे. मान दुखेपर्यंत वर पाहिले. मी सौ.ला सांगितले, की देवीला नाक-डोळे नाहीत. इतक्या उंचीवरचा चेहरा कोणाला दिसणार, म्हणून शिल्पकाराने तो कोरलाच नाही असे सांगतात. सौ. म्हणाली, "तोंडच नाही, मग भाव कोण विचारणार?"

बंधूंनो, हा प्रश्न इलिनॉयच्या शेतकऱ्यांनाही पडला होता. ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

आधी शेतकरी गहू गोण्यांत भरून आणायचा. गोणी कुठवरही गेली, तरी ती कोणाची हे कळत असे. मग रेल्वे आली आणि धान्याची उंच कोठारे आली. रहाटाच्या पोहऱ्यांसारख्या बादल्यांच्या माळेने धान्य वर चढवायचे आणि सगळ्यांचे एकत्र ओतायचे. त्यासाठी १८५६ पासून प्रती ठरल्या. शेतकऱ्याच्या हाती पावती आली: अमुक प्रतीचे इतके बुशेल. बुशेल हे मूळचे आपल्या पायलीसारखे माप. मक्याचे एक बुशेल म्हणजे सुमारे २५ किलो. सोय मोठी झाली. पेरणीच्या वेळीच सुगीचा भाव बांधून घेता येऊ लागला, त्यालाच आपण वायदा म्हणतो. आजही मक्याचा एक पुरा वायदा ५००० बुशेलांचा, म्हणजे सुमारे १२७ टनांचा असतो. लातूरच्या सोयाबीन पेठेतही शिकागोच्या भावाची चर्चा चालते, ती यामुळे.

पण सोयीबरोबर लबाडीही आली. कोठारवाले संगनमताने भाडे ठरवू लागले. कोठारात नसलेल्या धान्याच्या पावत्या निघाल्या, हलके धान्य वरच्या प्रतीत मिसळले जाऊ लागले. तेव्हा शेतकरी संघटित झाले. १८७० च्या राज्यघटनेत त्यांनी कोठारांच्या तपासणीचे कलम घालून घेतले. १८७१ साली भाड्याची कमाल मर्यादा ठरवणारा कायदा झाला. मन नावाच्या कोठारवाल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८७७ साली न्यायालयाने निकाल दिला, की ज्या धंद्यावर साऱ्या जनतेचे हित अवलंबून आहे, त्याचे दर सरकार ठरवू शकते. देवीला तोंड नव्हते, पण माणसांनी आपले तोंड उघडले.

एके काळी या बाजारात पायऱ्या-पायऱ्यांच्या हौदात उभे राहून शेकडो माणसे हातवारे करीत ओरडून सौदे करीत. २०१५ च्या जुलैत वायद्यांचे बहुतेक हौद बंद झाले. आता सौदे संगणकावर होतात. आम्ही उभे होतो तिथे दाण्याचा वासही नव्हता.

एकशेतिसऱ्या मजल्यावर

चौथ्या दिवशी विलिस टॉवर. ११० मजले, उंची ४४२ मीटर. १९७३ पासून पंचवीस वर्षे ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. तिची बांधणी योजणारे अभियंते फजलूर रहमान खान जन्माने ढाक्याचे. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून त्यांनी ती उभी केली. एक काडी वाऱ्याने मोडते, पेंढी मोडत नाही, तसेच हे.

एकशेतिसऱ्या मजल्यावर बाहेर काढलेले काचेचे सज्जे आहेत. खाली पाहिले की थेट रस्ता. सौ. खुशाल जाऊन उभी राहिली. मी चष्मा पुसायच्या निमित्ताने आतच थांबलो.

तिथून कालची धान्यदेवता खाली दिसली, बोटाच्या पेराएवढी. सौ. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, एवढं शहर दाण्यावर उभं राहिलं. ज्यांनी तो पिकवला, त्यांचं नाव कुठं लिहिलंय का?"

मी म्हणालो, "माझ्या तरी पाहण्यात नाही आलं."

"आपलं आहे," ती म्हणाली. "सातबाऱ्यावर."

मी काही बोललो नाही. लिफ्टने खाली येईपर्यंत माझा हिशेब बदलला होता.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी दलाल आला. त्याला चहा दिला आणि सौ.नेच नको म्हणून सांगितले. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना मी नावे ठेवत नाही. कोणाच्या घरी आजारपण, कोणाच्या घरी भाऊवाटणी. ज्याचे त्याला ठाऊक. उद्या आमच्यावरही तशी वेळ येऊ शकेल. पण तोवर त्या कागदावरचे नाव खोडायचे नाही, एवढे ठरले.

तुम्हाला मात्र शिकागोहून एक गोष्ट आणली आहे, ती घ्या. माल कोठेही घाला, वजन स्वतः बघा, प्रत विचारा, पावती घेतल्याशिवाय परतू नका. आपल्याकडेही २००७ सालचा गोदाम कायदा आहे. नोंदणी झालेल्या गोदामात धान्य ठेवून त्या पावतीवर कर्ज काढता येते. बाजार समित्यांची शेतमाल तारण योजनाही आहे. सुगीच्या पडत्या भावात माल फुंकून टाकण्याआधी चौकशी करा. एकट्याने विचारायला संकोच वाटला तर चौघे मिळून जा.

जूनमध्ये आम्ही तीस गुंठ्यांत भात केले. मजूर मिळाले नाहीत, तेव्हा मी रजा टाकून लावणीला उतरलो. कंबर आठ दिवस धरली होती. भात निघाल्यावर ओलीवर वाल पेरले. तेच बी, फडक्यातले. आज ते फुलावर आहेत. लेक आणि जावई फेब्रुवारीत येत आहेत. सौ. म्हणते, वाल तिकडे जात नाहीत तर नाही, लेकच इकडे येऊन बिरडे खाईल.