डबल बेल आणि कॅमेऱ्याचे शटर

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ झेपावले, तेव्हा चेन्नईहून ढाक्याला निघालेल्या एका प्रवासी विमानाच्या खिडकीतून ते दृश्य कोणीतरी फोनवर टिपले. आभाळात चढत जाणारी ती तेजस्वी रेघ पुढे देशभर पाहिली गेली. चलतचित्रणाची ही एक सोय आहे. त्याला नेमका क्षण गाठावा लागत नाही. कॅमेरा सुरू असला की क्षण आपोआप त्याच्या वाटेत येतो. ज्याला एकच स्थिरचित्र हवे असते, त्याची अडचण निराळी.

त्याच दुपारी प्रक्षेपणतळाच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर, पुलिकतच्या समुद्रकाठी, असे एकच चित्र हवे असलेली एक संशोधक विद्यार्थिनी उभी होती. मूळची कराडची, चेन्नईत भौतिकशास्त्रात पीएच. डी. करणारी. शेजारी तिचे वडील होते. एस. टी.त कंडक्टर म्हणून हयात घालवून ते निवृत्त झाले होते आणि पहिल्यांदाच महाराष्ट्राबाहेर आले होते, तेही यान उडताना पाहायला. तिला यानाचा फोटो नको होता. तसे फोटो हजार जण काढणार होते. तिला हवा होता यान पाहतानाचा वडिलांचा चेहरा. पुन्हा असा योग येईल अशी त्यांच्या गुडघ्यांची स्थिती नव्हती.

यासाठी कॅमेरा घ्यायचा ठरले, आणि तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

पैशाचे गणित अवघड होते. कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती नुकतीच महिना ३१ हजारांवरून ३७ हजार झाली होती आणि ती वाढ जानेवारीपासून लागू होती. पण फरकाची रक्कम अजून हाती आलेली नव्हती. त्या न आलेल्या पैशांच्या भरवशावर ती माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर सेकंडहँड कॅमेरे पाहत हिंडली. प्रत्येक दुकानात पहिला आकडा एकच ऐकू येई : शटरचा वेग सेकंदाचा चार हजारावा भाग, आठ हजारावा भाग. आकडा खरा असतो. फक्त तिच्या प्रश्नाचे उत्तर तो नसतो.

शटरचा वेग म्हणजे प्रकाश किती काळ आत घेतला जातो ते. बटण दाबल्यापासून तो प्रकाश आत घ्यायला सुरुवात होईपर्यंत जो वेळ जातो, त्याला शटर लॅग म्हणतात, आणि तो खोक्यावर सहसा छापलेला नसतो. या दोहोंतला भेद तिने वडिलांना फोनवर समजावून सांगू पाहिला. पलीकडून उत्तर आले, “म्हंजे दार किती वेळ उघडं ऱ्हातंय ते एक, आन् डबल बेल दिल्यावर गाडी हलायला किती वेळ लागतोय ते दुसरं. आसंच ना?” तसेच होते. इतके नेमके उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

त्या दुसऱ्या वेळात कॅमेरा बरेच काही करीत असतो. प्रकाश मोजतो, भिंग पुढेमागे सरकवून फोकस जुळवतो, आरशाचा कॅमेरा असेल तर आरसा वर उचलतो, मग शटर उघडतो. डिजिटल कॅमेऱ्यांच्या आरंभीच्या वर्षांत खिशातल्या साध्या कॅमेऱ्याला एवढ्यासाठी अर्धा-एक सेकंद लागे. हसणारी मुले फोटोत येईतो गंभीर झालेली असत. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. फोकस आधी जुळवून ठेवला, म्हणजे बटण अर्धे दाबून धरले, तर चांगला कॅमेरा सेकंदाच्या शतांशांत प्रतिसाद देतो. वेळ खातो तो फोकस, आणि तो दर वेळी सारखा खात नाही. उजेड भरपूर आणि कडा ठळक असल्या तर पटकन जुळतो. चेहऱ्यावर सावली आली की भिंग चाचपडत राहते.

फोनचा कॅमेरा या बाबतीत पुष्कळदा महागड्या कॅमेऱ्यालाही मागे टाकतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. कॅमेऱ्याचे ॲप उघडले की अनेक फोन सतत चित्रे घेत आणि टाकून देत असतात. बोटाने बटण दाबल्यावर आधीच घेतलेल्या चित्रांतून त्या वेळेचे चित्र उचलले जाते. हीच युक्ती काही मिररलेस कॅमेऱ्यांतही असते. बटण दाबण्यापूर्वीची काही चित्रे ते जपून ठेवतात. ऑलिंपसने २०१६च्या एका कॅमेऱ्यात ती दिली होती. तिच्या ऐपतीत बसणाऱ्या कॅमेऱ्यांत मात्र ती नव्हती, आणि फोनच्या इवल्या सेन्सरला वडिलांच्या पागोट्याच्या सावलीतला चेहरा नीट दिसत नसे.

मग तिने दोन कॅमेरे निवडले आणि दुकानदाराची परवानगी काढून काउंटरवरच प्रयोग मांडला. फोनवर शतांश सेकंद दाखवणारे स्टॉपवॉच चालू करायचे, कॅमेरा त्यावर रोखायचा, आणि सेकंदाचा आकडा बदलताना, ताल धरून, बटण पूर्ण दाबायचे. चित्रात जो आकडा उमटेल तो उशीर. ताल धरणे महत्त्वाचे, कारण आकडा बदललेला पाहून मग दाबले तर त्यात माणसाचा स्वतःचा प्रतिक्रियाकाळ मिसळतो, आणि तो सुमारे ०.२ सेकंद असतो. ज्याला पटत नसेल त्याने कोणालातरी पट्टी उभी धरून सोडायला सांगावी आणि चिमटीत पकडून पाहावी. पकडेपर्यंत ती साधारण २० सेंटिमीटर घसरलेली असते. चेपॉकच्या मैदानावर ताशी १४० किलोमीटरने आलेला चेंडू तेवढ्या वेळात पावणेआठ मीटर जातो. चेंडू बॅटला लागलेला पाहून ज्याने बटण दाबले, त्याच्या हाती जगातला कोणताही कॅमेरा दिला तरी त्याला चेंडू मिळायचा नाही.

(फोनचा पडदा सेकंदाला साठदा बदलत असेल तर ०.०१७ सेकंदांहून बारीक फरक या पद्धतीने कळत नाही. एवढ्या कामाला तेवढी अचूकता पुरते.)

प्रत्येक कॅमेऱ्यावर वीस-वीस चित्रे झाली. पहिल्याचा सरासरी उशीर होता ०.१४ सेकंद, दुसऱ्याचा ०.१९. दुकानदाराने साहजिकच पहिला पुढे सरकवला. पण तिने आकडे वहीत एकाखाली एक लिहिले होते. पहिला कॅमेरा कधी ०.०६ सेकंदांत टिपत होता, तर कधी ०.३१ सेकंद घेत होता. दुसरा दर वेळी ०.१७ आणि ०.२१च्या मध्ये. हात दोन्हीकडे तिचाच. म्हणजे पहिल्यातला जास्तीचा विस्कळीतपणा कॅमेऱ्याचा होता. तिने दुसरा, सरासरीने सावकाश असलेला, घेतला.

दुकानदाराला ते विचित्र वाटले असणार. मोजमापाच्या शास्त्रात मात्र हा निर्णय फार जुना आहे, आणि त्याची एक वाट त्याच शहरातून जाते. रिची स्ट्रीटपासून थोड्याच अंतरावर नुंगमबाक्कम येथे १७९२ पासून मद्रास वेधशाळा उभी होती. आज त्या जागी हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. एखादा तारा दुर्बिणीतल्या तारेवरून नेमका केव्हा सरकला हे नोंदवणे, हे अशा वेधशाळांचे रोजचे काम. ते करताना दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळत नाहीत, ही गोष्ट ग्रिनिचला प्रथम डोळ्यांवर आली. नेव्हिल मॅस्केलिन यांचा साहाय्यक डेव्हिड किनब्रुक त्यांच्यापेक्षा ०.८ सेकंद उशिराने नोंद करी. १७९६ साली त्याला नोकरीवरून काढण्यात आले. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने दाखवून दिले की असा फरक प्रत्येक दोन निरीक्षकांत असतोच. त्याला ‘व्यक्तिगत समीकरण’ असे नाव मिळाले. उशीर ठरावीक असेल तर तो वजा करता येतो. किनब्रुकचा उशीरही बहुधा वजा करता आला असता. बेभरवशाचा उशीर मात्र कोणालाच वजा करता येत नाही.

मद्रास वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी यांनी असे वेध वर्षानुवर्षे घेतले. १८६७ साली ‘आर रेटिक्युली’ हा रूपविकारी तारा त्यांनी शोधला. ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता, तेव्हा सामान्य लोकांना ती घटना कळावी म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली आणि ती अनेक भारतीय भाषांत काढली. त्या अधिक्रमणात सारा भर होता तो शुक्राचा ठिपका सूर्याच्या कडेला आतून टेकतो तो क्षण पकडण्यावर, आणि नेमक्या त्याच वेळी ठिपक्याला काळ्या थेंबासारखी शेपटी फुटून क्षण धूसर होई. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन याने जपानमध्ये जी तोड काढली ती आजच्या कॅमेऱ्यांची पूर्वज म्हणता येईल. क्षणाची वाट पाहत बसण्याऐवजी त्याने फिरत्या तबकडीवर ७२ सेकंदांत ४८ चित्रे घेणारे यंत्र केले. क्षण त्यातच कुठेतरी सापडावा, अशी योजना.

आता पुन्हा पुलिकत.

चेन्नईहून येताना बसमध्ये वडिलांचे लक्ष खिडकीपेक्षा कंडक्टरकडे अधिक होते. तिथे दोरी ओढून बेल देत नाहीत, शिट्टी वाजवतात, याचे त्यांना नवल वाटले. दोन शिट्ट्या म्हणजे निघा, एवढे त्यांनी लगेच ओळखले. ती वडिलांना “अण्णा” म्हणते. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. त्यामुळे किनाऱ्यावरच्या चहावाल्याने या भावंडांच्या वयातल्या अंतराकडे दोनदा निरखून पाहिले.

तयारी चोख होती. वडिलांपासून दोन मीटरवर उभे राहून तिने चेहऱ्यावर फोकस जुळवला आणि ऑटोफोकस बंद केला. कॅमेऱ्याचा बेभरवशाचा म्हणावा असा भाग त्यामुळे उरलाच नाही. दुसऱ्या हातात फोनवर थेट प्रक्षेपण सुरू होते. उलटी मोजणी संपायला वीसेक सेकंद होती, तेवढ्यात वडील म्हणाले, “उठलं!”

फोन अजून आकडे मोजत होता. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण खऱ्या घटनेच्या बरेच सेकंद मागे असते, हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. त्या क्षणी सुचले नाही, इतकेच. सगळे उशीर मोजून आलेल्या बाईने हा एक मोजला नव्हता. वडील क्षितिजाकडे पाहत होते म्हणून त्यांना रॉकेट आधी दिसले. तिने बटण दाबले तेव्हा चेहरा सावरून झाला होता. त्या चित्रात एक गृहस्थ कपाळावर हात धरून शांतपणे वर पाहत आहेत; ते कावळा पाहत आहेत असे सांगितले तरी खपेल.

पण तिच्या तळहातावर पेनाने एक आकडा लिहिलेला होता : ९५. आवाजाला ३५ किलोमीटर यायला, जुलैच्या त्या उकाड्यात सेकंदाला सुमारे ३५० मीटर या वेगाने, १०० सेकंद लागतात. पृथ्वीच्या गोलाईमुळे समुद्रकाठच्या माणसाला तळाच्या पायथ्यापासूनचे सुमारे ७० मीटर दिसत नाहीत, म्हणजे रॉकेट दृष्टीस पडते तेच उड्डाणानंतर काही सेकंदांनी. म्हणून ९५. वडिलांचा “उठलं” हा शब्द कानावर पडताच तिने मनात मोजायला सुरुवात केली होती, फोटो हुकला तरी मोजणी सोडली नव्हती.

रॉकेट धुराची शेपटी मागे ठेवत उंच गेले, पांढुरक्या आभाळात अंधूक होऊ लागले. आसपासच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडील काहीसे हिरमुसून म्हणाले, “आवाज न्हाई गं काईच. टीव्हीवर तर केवढा दणका आसतो.” ती काही बोलली नाही. सत्तर. ऐंशी. तिने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. “आता कशाला? गेलं की ते,” ते म्हणाले.

ब्याण्णवला तिने पहिले चित्र घेतले आणि मग थांबली नाही. घरघर चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमारास आली. मोठी नव्हती, लांब कुठेतरी घाटात लोडाची गाडी चढणीला लागावी तशी, पण संपतच नाही अशी.

सहाव्या चित्रात ते आहे. वडील आभाळाकडे पाहत नाहीत, समुद्राकडेही नाही. तोंड किंचित उघडे, भुवया वर, आणि नजर स्वतःच्या पायांकडे, कारण आवाज आधी वाळूतून आला असे त्यांना वाटले. एक हात शेजारी लोंबकळणारी दोरी पकडावी तसा वर उचललेला आहे.

तो फोटो आता कराडच्या घरी दर्शनी भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात की यात रॉकेट कुठे आहे. “गेल्यालं हाय,” ते सांगतात, “आत्ताच.”