लाल दिव्याच्या खोलीचा बाजार

कोल्हापुरात आज फोटोच्या दुकानात मेटॉल मागितले, तर काउंटरवरचा मुलगा नाव पुन्हा विचारतो. मेमरी कार्ड, अल्बम, फ्रेम सगळे मिळते. डार्करूमचे सामान नाही. आणि याच शहरात बाबूराव पेंटर यांनी दामल्यांना सोबत घेऊन स्वतःचा सिने-कॅमेरा घडवला, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. 'प्रभात'ही १९२९ मध्ये इथेच सुरू झाली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, तरी इथल्या फोटो स्टुडिओंमधले लाल दिवे पुढे कित्येक वर्षे जळत होते. उटीच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' कागद जुन्या फोटोग्राफरांना अजून आठवतो.

आमच्या पुतणीला ट्रंकेत मरहूम दादीजानची निगेटिव्ह सापडली. हजच्या पासपोर्टसाठी काढलेला तो एकच फोटो. छापील प्रत केव्हाच गहाळ झालेली. तिला तो हातानेच धुवायचा होता.

औषधे मिळाली ती प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात. एक लिटर डेव्हलपरला मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. मेटॉल आधी विरघळवायचे, सल्फाइट नंतर. उलट केले तर मेटॉल नीट विरघळत नाही. वापरताना त्यात दुप्पट पाणी. शिवाय हायपो. मेटॉलने काहींच्या हातांना खाज सुटते, म्हणून चिमटा वापरावा, आणि स्वयंपाकघरातले एकही भांडे या कामाला घेऊ नये.

तीन प्लास्टिकचे ट्रे भांड्यांच्या दुकानातून आले. साधा लाल बल्ब मात्र पारखून घ्यावा लागतो: त्याच्या उजेडात कागदाच्या तुकड्यावर पाच मिनिटे नाणे ठेवून तो तुकडा डेव्हलपरमध्ये टाकायचा. नाण्याचा गोल उमटला, तर बल्ब बाद.

एन्लार्जर एका बंद स्टुडिओच्या माळ्यावर होता. यंत्र मजबूत, पण आमच्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी धरते. ती उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मालकाने जुन्या ब्रोमाइड कागदाची पेटीही स्वस्तात देऊ केली. आम्ही नको म्हणालो. जुना कागद बहुधा करडा पडतो. ताजा कागद मुंबईहून मागवला, आणि सगळ्यात जास्त खर्च त्यालाच आला. महाग का असणार नाही? फोटोतला काळा रंग म्हणजे चांदीच. हुपरीच्या कारागिरांची तीच, फक्त अतिशय बारीक. वापरलेल्या हायपोतही ती उतरते, म्हणून मोठे स्टुडिओ तो साठवून ठेवत.

उन्हाळ्यात पाणी २० अंशांवर आणायला बर्फाची पिशवी ट्रेखाली ठेवली. कागद डेव्हलपरमध्ये गेला. आधी डोळे उमटले, मग ओढणीची किनार.

"चाचा, दिवा लावू नका हं," पुतणी म्हणाली. "अजून हायपोत जायचंय."