बुटीबोरीचा नाका आणि शेतावरची तऱ्हेवाईक विमाने

वाचकहो, कधी नागपूरला जाणे झालेच, तर परतताना तासभर राखून ठेवा आणि बुटीबोरीच्या नाक्यावर उतरा. तेथे पाहण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचाराल. किल्ला नाही, धबधबा नाही. आहे तो एक नाका. पण कधी कधी नाक्यावर उभे राहून जे दिसते ते डोंगरावरूनही दिसत नाही.

नागपूरहून दक्षिणेकडे निघालात की पाऊण तासात बुटीबोरी येते. नागपूर-वर्धा लोहमार्गावरचे हे एक स्टेशन. एका बाजूला एमआयडीसीची धुराडी आणि पाळी सुटल्यावर सायकली, मोटारसायकलींचा लोंढा. दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी, तूर, सोयाबीनची वावरे आणि मधूनमधून संत्र्याची बाग. येथे रस्ता फुटतो. सरळ जाणारा हिंगणघाटावरून हैदराबादला जातो. उजवीकडे वळणारा वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर करीत थेट तुळजापूरच्या भवानीपर्यंत पोचतो.

या उजवीकडच्या रस्त्याकडे पाहिले की एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. २०१७ साली, पावसाळा सरता सरता, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसावर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात पडले. पाठीवर पंप घेऊन माणूस वावरात शिरतो, तेव्हा औषधाचे ओझे त्याच्या पाठीवर असते आणि त्याचा तुषार त्याच्याच अंगावर येतो. पऱ्हाटी कमरेइतकी असली तर एक वेळ निभावते. ती डोक्यापर्यंत वाढली की नाकातोंडाशी औषध आणि माणूस यांत अंतरच उरत नाही.

आता तोंड फिरवा आणि आलेल्या रस्त्याकडे, नागपूरकडे पाहा. या वर्धा रोडवरच नागपूरचा सोनेगाव विमानतळ आहे. १९४९ च्या जानेवारीत येथे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्यापूर्वी आपापल्या गावी परतत. जणू चार दिशांच्या एस. टी. गाड्या एकाच स्टँडवर मिळाव्यात! ती सेवा पुढे बंद झाली, पण विमानांचा या रस्त्याशी असलेला संबंध तुटला नाही. विमानतळाच्या लगत मिहानमध्ये मोठ्या विमानांची दुरुस्ती होते. आणि त्याच वर्धा रोडच्या बाजूला, पांजरीला, १९७६ साली स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे.

म्हणजे पाहा, एकाच रस्त्यावर विमानही आहे आणि कापूसही आहे. मग मनात येते, या दोघांची कधी गाठ पडली का? माणसाच्या पाठीवरचा पंप विमानाने उचलला का? गाठ पडली, आणि तिच्यातून अशी काही तऱ्हेवाईक विमाने जन्माला आली की चित्र पाहून मुले हसतील. परंतु त्यांतील प्रत्येक वेडावाकडा आकार हा कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर होता. तीच हकीकत आज सांगायची आहे.

चाड्यावर मूठ, पण आभाळात

३ ऑगस्ट १९२१. अमेरिकेतील ओहायो प्रांतात कॅटाल्पा नावाच्या झाडांची सहा एकरांची राई अळ्यांनी खाऊन फस्त करीत आणली होती. मॅकरेडी नावाच्या लष्करी वैमानिकाने पहिल्या महायुद्धाच्या काळातले जुने ‘जेनी’ विमान त्या राईवरून नेले. विमानाच्या कुशीला पत्र्याची पेटी बांधलेली होती. तीत शिसे आणि सोमल यांची विषारी भुकटी. पेटी तयार करणारा फ्रेंच माणूस डॉर्मॉय मागे बसून हाताने दांडा फिरवी, आणि भुकटी खाली सुटे. आपल्याकडे तिफणीच्या चाड्यावर बाई मूठ धरते, त्यातलाच हा प्रकार. फक्त तिफण आभाळात! प्रत्यक्ष धुरळणीला एक मिनिटही लागले नाही, आणि अळ्या मेल्या.

पुढच्याच वर्षी लुइझियाना प्रांतात हा प्रयोग कापसावर झाला. त्यातून कापसावर औषध मारून देणारी कंपनी निघाली, आणि तिच्यातूनच पुढे ‘डेल्टा’ ही जगातील एक मोठी प्रवासी विमान कंपनी उभी राहिली. कापसाच्या अळीपायी विमान कंपनी जन्मली, हे आपल्या पऱ्हाटीच्या मुलखात सांगण्यासारखे आहे.

ओझे पुढे, माणूस मागे

पण जुन्या लष्करी विमानांना पेटी बांधून किती दिवस चालणार? शेतावरचे विमान पिकाच्या डोक्यावरून दोन-तीन पुरुष उंचीने जाते. समोर झाड येते, विजेची तार येते. क्षणभर नजर चुकली की संपले. वैमानिक मरू लागले.

तेव्हा टेक्सासमध्ये फ्रेड वीक या अभियंत्याने केवळ शेतीसाठी म्हणून एक विमान आखले. त्याचे नाव ‘एजी-१’. ते १ डिसेंबर १९५० रोजी उडाले. दिसायला कुबड आल्यासारखे. वैमानिकाची जागा उंचावर, म्हणजे त्याला नाकापुढची जमीन दिसावी. औषधाची टाकी त्याच्या पुढे, म्हणजे विमान आपटले तर आधी नाक चेपावे, मग टाकी, आणि माणूस शेवटी. बसण्याभोवती भक्कम सांगाडा. चाकांच्या पायांना तार कापणारी धार. विमान सुंदर दिसावे म्हणून नव्हे, तर माणूस घरी जेवायला परतावा म्हणून हा आकार दिला होता. पुढे जगभर फवारणीची विमाने बहुतेक याच घडणीची झाली.

दोन शेपट्यांचे विमान

दुसरा नमुना ऑस्ट्रेलियातला. तिकडे आणि न्यूझीलंडमध्ये डोंगरउतारावरच्या कुरणांना विमानातून खत टाकतात. तेथे वैमानिकाचा खोळंबा होई तो खत भरताना. खताचा ट्रक विमानाच्या जवळ आणावा, तर शेपटी आणि पंख आडवे येत.

लुइजी पेलारिनी या मूळच्या इटालियन अभियंत्याने यावर मोठी गमतीची तोड काढली. त्याने विमानाला एकाऐवजी दोन शेपट्या दिल्या, आणि त्या एकमेकींना न जोडता मोकळ्या ठेवल्या. मधली जागा रिकामी. ट्रकने उलटे यावे, दोन शेपट्यांच्या मधून टाकीपर्यंत पोचावे, खत ओतावे आणि निघून जावे. त्याचे ‘एअरट्रक’ हे विमान १९६५ साली उडाले. बुटक्या पोटाचे, वर खोली बांधल्यासारखे, मागे दोन दांडे. लोक हसले असतील, पण सुमारे सव्वाशे विमाने तयार झाली आणि वर्षानुवर्षे राबली. गाडीत माल भरताना ज्याने उन्हात वाट पाहिली आहे, त्याला या दोन शेपट्यांचे मोल सांगावे लागणार नाही.

नाकापेक्षा मोती जड

आता तिसरा नमुना, आणि तो मात्र फसलेला. सोव्हिएत रशियातील प्रचंड सामुदायिक शेतांसाठी पोलंडने ‘एम-१५’ नावाचे विमान बनवले. ते २० मे १९७३ रोजी उडाले. एकावर एक असे दोन मजली पंख, जसे पहिल्या महायुद्धात असत. पाठीवर मात्र अगदी नव्या काळचे जेट इंजिन. आणि दोन्ही पंखांच्या मध्ये उभ्या कोठ्यांसारख्या औषधाच्या टाक्या. बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जुंपावे तसे! त्याच्या कर्कश आवाजावरून लोकांनी त्याला ‘बेल्फेगॉर’ या सैतानाचे नाव दिले.

जेट विमान म्हटले की वेग आला. पण फवारणीला वेग नको असतो, संथपणा हवा असतो. हे जगातले सर्वांत मंद जेट विमान ठरले. जेट इंजिन खाली आणि सावकाश उडताना इंधन भसाभस पिते. हजारो विमानांची योजना होती. १७५ च्या आसपास बांधून १९८१ साली काम थांबले. ज्या जुन्या पंख्याच्या विमानाच्या जागी ते आणायचे होते, ते जुने विमानच पुढे राबत राहिले. यंत्र चालत नव्हते असे नाही. ते परवडत नव्हते.

आपला ‘बसंत’

आपल्या देशानेही हा प्रयोग केला. बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्याने शेतीसाठी ‘बसंत’ नावाचे विमान आखले. पहिला नमुना १९६९ साली उडाला, पण तो मनासारखा झाला नाही. मग सगळी मांडणी बदलून, चारशे अश्वशक्तीचे इंजिन बसवून दुसरा नमुना केला. तो ३० मार्च १९७२ रोजी उडाला. वैमानिक उंचावर, टाकी पुढे, नाक उतरते. म्हणजे वीकने शिकवलेला धडा येथेही गिरवला होता. एकूण ३९ विमाने बांधली गेली आणि १९८० साली काम बंद झाले.

बुटीबोरीच्या नाक्यावर उभे राहून भोवती पाहा, म्हणजे असे विमान आपल्या मुलखात का रुजणे अवघड होते ते उमगेल. एकाचे वावर तीन एकर, दुसऱ्याचे पाच. मध्ये धुरा, धुऱ्यावर बाभळी, वरून विजेच्या तारा. पऱ्हाटीला लागून शेजाऱ्याची भाजी, त्यापलीकडे विहीर आणि गोठा. विमान वळण घेईस्तोवर चार जणांची शेते ओलांडते, आणि वाऱ्यावर उडालेले औषध धुरा ओळखत नाही. सोव्हिएत शेतावर जे साधते ते आपल्या वावरात साधेलच असे नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसे वावर पाहून यंत्र आणावे.

मग प्रयोग करूच नयेत का? तसे मुळीच नाही. आपल्याच महाराष्ट्रात अमोल यादव या वैमानिकाने मुंबईला, कांदिवलीच्या आपल्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान जुळवले. आधीचे प्रयत्न साधले नाहीत; तिसरे विमान २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. गच्चीपासून धुळ्यापर्यंतचा हा रस्ता वर्षानुवर्षांचा. ज्याने तीनदा पेरणी करून पीक घेतले आहे, त्याला यातली चिकाटी कळेल.

पुन्हा नाक्यावर

आणि आता शेतावरचे विमान पुन्हा आले आहे, मात्र पाटीत मावेल एवढे होऊन. त्याला ड्रोन म्हणतात. त्यात वैमानिक नाही, चार-सहा पंखे आहेत, पोटाला दहा लिटरच्या आसपासची टाकी. चालवणारा धुऱ्यावर उभा राहतो, आणि एकरभर फवारणी साधारण दहा मिनिटांत होते. वीकने माणसाला टाकीच्या मागे बसवले होते. येथे माणूस विमानातून उतरलाच. २०२३ साली केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. म्हणजे जी बाई चाड्यावर मूठ धरीत होती, तिच्याच हाती आता आभाळातली तिफण येऊ लागली आहे.

परंतु बेल्फेगॉरची गोष्ट विसरू नका. ड्रोनला पाणी फार थोडे लागते, म्हणून टाकीतले औषध पाठीवरच्या पंपापेक्षा कितीतरी दाट असते. ते कालवणाऱ्याच्या हातात मोजे आणि तोंडावर पट्टी नसेल, तर धोका वावरातून निघून बादलीपाशी आला, एवढेच होईल. ड्रोनमधून मारण्यास परवानगी असलेलेच औषध वापरा, चालवणारा शिकलेला आहे की नाही ते विचारा, वारा सुटला असेल तर थांबा. भाडे काय, बॅटरी किती फेऱ्या टिकते आणि बिघडले तर दुरुस्ती कोठे, हेही आधीच विचारून घ्या. आणि पंपच वापरावा लागला, तर वाऱ्याकडे पाठ करून फवारा, उपाशीपोटी जाऊ नका, पीक डोक्याबरोबर आले असेल तर आत शिरू नका.

शंभर वर्षांत या तऱ्हेवाईक विमानांनी एकच गोष्ट शिकवली. नवे यंत्र दारात आले की त्याचा आकार पाहून हसू नये आणि झगमगाट पाहून भुलूही नये. दोन प्रश्न विचारावेत. ओझे कोणाच्या पाठीवरून उतरते? आणि ते दुसऱ्या कोणाच्या पाठीवर तर जात नाही ना?

बुटीबोरीच्या नाक्यावर संध्याकाळी दिवे लागतात. सोनेगावकडे एखादे विमान उतरताना दिसते. त्याच वेळी रस्त्याच्या कडेने पाठीवर रिकामा पंप घेतलेला कोणीतरी घराकडे चाललेला असतो. त्याने घरी गेल्यावर आधी साबणाने हातपाय धुवावेत आणि मगच लेकराला उचलून घ्यावे. तुमच्या घरी असा कोणी असेल, तर एवढे त्याला आज जरूर सांगा.