टाइल्सच्या आधी पाइप

बाथरूम नवं करायचं म्हटलं की लोक आधी टाइल्सच्या दुकानात जातात. डोंबिवलीत सर्वात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकीनं मात्र वही उघडली ती पाण्याच्या दाबासाठी. गच्चीवरची टाकी शॉवरपासून जेमतेम 3 मीटर उंच. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब, म्हणजे तिच्या वाट्याला 0.3 बार. जाहिरातीतला ऐसपैस रेन शॉवर इथे नुसता ठिबकणार! प्रेशर पंप लावा, नाहीतर साध्या शॉवरवर भागवा. तिनं साधा निवडला. शहाणपणच केलं.

जुने जीआय पाइप आतून गंजून अरुंद झालेले. त्यांच्या जागी सीपीव्हीसी, कारण साधा यूपीव्हीसी गिझरच्या पाण्याला चालत नाही.

खरी डोकेदुखी कमोडची. पी-ट्रॅपचा निचरा भिंतीतून, एस-ट्रॅपचा जमिनीतून. शिवाय एस-ट्रॅपला भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर टाइलची जाडी धरून मोजावं लागतं. "ताई, कमोड आधी आणा, मग फोडतो," प्लंबरकाका म्हणाले. मग काय, कमोड हॉलमध्ये पाहुण्यासारखा बसून राहिला.

नहाणी ट्रॅपमध्ये 50 मिमी पाणी साठलेलं हवं, नाहीतर ड्रेनेजचा वास घरात.

वॉटरप्रूफिंगनंतर 48 तास पाणी तुंबवून ठेवलं. खालच्या काकूंना छतावर लक्ष ठेवायला सांगितलं. भिंतीतले पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढला. टॉवेल रॉड बसवणाऱ्याला ड्रिल लावण्याआधी तो दाखवायचा, असं वहीत ठळक लिहून ठेवलंय.